डोमेस्टिक पार्टनरला कंपनीच्या लाभांत घेताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

अमेरिकेत छोट्या-मध्यम कंपन्यांचं एचआर किंवा पेरोल सांभाळणाऱ्यांकडून साधारण ऑक्टोबरात मला एकाच छापाची ईमेल येते. ‘येत्या जानेवारीपासून डोमेस्टिक पार्टनरलाही हेल्थ प्लॅनमध्ये घेतोय. हँडबुकमध्ये जिथे जिथे स्पाउस लिहिलंय तिथे पुढे “किंवा डोमेस्टिक पार्टनर” असं घातलं. आणखी काही राहिलंय का?’

राहिलंय. जवळजवळ सगळंच राहिलंय.

‘स्पाउस’ म्हणजे कायदेशीर नवरा किंवा बायको, आणि डोमेस्टिक पार्टनर म्हणजे लग्न न करता एकत्र संसार करणारा जोडीदार. ‘स्पाउस’ या एका शब्दाला अमेरिकन फेडरल कायद्यात बऱ्याच गोष्टी बांधलेल्या आहेत: करसवलत, कोब्रा (नोकरी सुटल्यावर तोच विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याचा हक्क), एफएमएलएची (कुटुंबातल्या आजारपणासाठीच्या फेडरल कायद्याची) रजा, मेडिकेअरचा क्रम (वयस्करांचा हा सरकारी विमा आधी पैसे देणार की कंपनीचा), ४०१(के) या निवृत्तीच्या बचत खात्यामधला हक्क. हँडबुकमध्ये दोन शब्द वाढवले म्हणून यातलं काहीच जोडीदाराला आपोआप लागू होत नाही. कंपनीच्या लेखी ते दोघं एक कुटुंब असतात, आयआरएसच्या, म्हणजे फेडरल करखात्याच्या, लेखी एका छपराखाली राहणारी दोन वेगळी माणसं. मालक हा लाभ देतो तो चांगली माणसं यावीत आणि टिकावीत म्हणून. पण फेब्रुवारीच्या स्लिपवर न सांगितलेला कर दिसला की ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तोच पहिला भडकतो. तेव्हा खालच्या पायऱ्या क्रमानेच घ्या. प्लॅनचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत असेल तर काम जूनमध्ये हातात घ्या. ऑक्टोबरात घेतलंत तर येता जानेवारी सोडून त्याच्या पुढच्या जानेवारीचं ठरवा, असंच मी सांगेन.

१. आधी बघा, निवड तुमच्या हातात आहे का

हा लाभ द्यावा की नाही यावर बैठका घेण्याआधी करार आणि राज्याचे नियम काढून वाचा. सॅन फ्रान्सिस्को शहराशी करार असलेल्या कंत्राटदारांना विवाहित कर्मचाऱ्याला जे लाभ मिळतात तेच डोमेस्टिक पार्टनर असलेल्यालाही द्यावे लागतात. कॅलिफोर्निया राज्य सरकारच्या एक लाख डॉलर आणि त्यावरच्या करारांनाही तशीच अट आहे. शिवाय कॅलिफोर्नियात विमा कंपनीकडून घेतलेल्या ग्रुप पॉलिसीत, राज्याकडे नोंदणी केलेल्या जोडीदाराला नवरा-बायकोइतकंच कव्हरेज द्यावं लागतं. हा नियम २००५ पासून आहे. म्हणजे काही कंपन्या ‘देऊ का’ यावर चर्चा करत बसतात तेव्हा कायद्याने त्या आधीच देणं लागत असतात.

दुसरा प्रश्न, कोणत्या जोडप्यांना द्यायचा. २६ जून २०१५ ला समलिंगी विवाहाला देशभर मान्यता मिळाली, त्याआधी बऱ्याच कंपन्या हा लाभ फक्त समलिंगी जोडीदारांना देत असत, कारण अनेक राज्यांत त्यांना लग्नाचा मार्गच बंद होता. त्या काळातला मसुदा कुणी तरी कुठून तरी उचलतो आणि ‘समान लिंगाचे’ ही अट तशीच राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ जून २०२० च्या बॉस्टॉक निकालानंतर लैंगिक कलावरून नोकरीत भेद करणं हा टायटल सेव्हनचा, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या फेडरल कायद्याचा, भंग ठरतो. त्यामुळे एकाच प्रकारच्या जोडप्यांना लाभ ठेवायचा असेल तर वकिलाकडे जावं लागेल. दोन्ही प्रकारच्या जोडप्यांना द्या, हे सोपं आणि स्वच्छ.

तपासा: तुमचा प्लॅन विमा कंपनीकडून घेतलेला आहे की कंपनी स्वतः क्लेम भरते? राज्याचे विम्याचे नियम पहिल्या प्रकाराला लागतात, दुसऱ्याला सहसा नाही. हे माहीत नसेल तर पुढे जाऊ नका.

२. विमा कंपनीचं लेखी उत्तर

ब्रोकर फोनवर ‘हो हो, होऊन जाईल’ म्हणतो. त्या ‘हो’ला किंमत नाही. विमा कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या. त्यांच्या पॉलिसीतली डोमेस्टिक पार्टनरची व्याख्या, पुरावा कुणी तपासायचा, आणि जोडीदाराची मुलं धरली जातात का. मेडिकल, डेंटल, व्हिजन आणि लाइफ या चार पॉलिसी चार कंपन्यांच्या असतील तर चारही व्याख्या एकमेकींसमोर ठेवून वाचा. एकीकडे सहा महिने एकत्र राहण्याची अट, दुसरीकडे बारा, असं हमखास निघतं.

कंपनी स्वतः क्लेम भरत असेल तर मोठ्या क्लेमसाठी स्टॉप-लॉस विमा घेतलेला असतो. खरी ठेच इथे लागते. प्लॅनमध्ये जोडीदार घेतला, स्टॉप-लॉसवाल्याला कळवलंच नाही, आणि जोडीदाराच्या इस्पितळाचं बिल चार लाख डॉलर आलं, तर तो म्हणणार की हा माणूस आमच्या करारात नाही. चार लाख कंपनीच्या खिशातून जातात.

इशारा: स्टॉप-लॉस कंपनीच्या सहीचं दुरुस्तीपत्र हातात येईपर्यंत कर्मचाऱ्यांना एक अक्षर सांगू नका.

३. व्याख्या आणि प्रतिज्ञापत्र

व्याख्येत साधारण या अटी येतात: दोघं अठरा वर्षांवरचे, दोघांपैकी कुणाचंही दुसऱ्या कुणाशी लग्न झालेलं नाही, लग्नाला मनाई असावी इतकं जवळचं रक्ताचं नातं नाही, ठरावीक महिने एकाच घरात राहतात, आणि एकमेकांच्या खर्चाची जबाबदारी घेतात. राज्याकडे किंवा शहराकडे नोंदणी झालेली असेल तर ते प्रमाणपत्र पुरेसं माना. वर बाकीचे पुरावे मागू नका.

नोंदणी नसलेल्यांसाठी कागदांची यादी द्या आणि त्यातले कोणतेही दोन मागा: दोघांच्या नावाचा घरभाड्याचा करार किंवा गृहकर्ज, संयुक्त बँक खातं, संयुक्त गाडी, एकमेकांच्या नावे केलेलं मृत्युपत्र किंवा मुखत्यारपत्र, विम्यातली वारसनोंद. मी पाहिलेल्या एका फॉर्मवर पाचही कागद सक्तीचे होते. मृत्युपत्रासकट! त्याच कंपनीत विवाहितांना लग्नाचा दाखलासुद्धा कुणी विचारत नव्हतं. एकाला पाच कागद आणि दुसऱ्याचा शब्द पुरे, असं असेल तर लाभ देऊन वर अपमानही केल्यासारखं होतं. विवाहितांकडून दाखला घेत नसाल तर जोडीदारांकडून नुसतं प्रतिज्ञापत्र घ्या. पुरावा हवाच असेल तर तो दोघांकडूनही मागा.

प्रतिज्ञापत्रात हमखास राहून जाणारी कलमं अशी:

– नातं संपल्यास किंवा अटी तुटल्यास ३० दिवसांत लेखी कळवण्याची जबाबदारी.
– जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्यास ती फसवणूक धरली जाईल आणि झालेला खर्च वसूल केला जाईल, हे स्पष्ट शब्दांत. याची गरज शेवटच्या टप्प्यात कळेल.
– एक नातं संपल्यावर नवा जोडीदार घालण्याआधी किती थांबायचं. सहसा सहा किंवा बारा महिने असतात.
– जोडीदार कराच्या दृष्टीने अवलंबून आहे की नाही, याची वेगळी घोषणा, वेगळ्या पानावर. ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. प्रतिज्ञापत्र एकदाच पुरतं.

हे कागद कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या फाइलीत लावू नका. बेनिफिट्सची वेगळी, कुलूपबंद फाइल ठेवा. वरिष्ठाने रजेचा अर्ज शोधायला फाइल उघडावी आणि आपला सहकारी कुणाबरोबर राहतो हे त्याला तिथे कळावं, असं व्हायला नको.

४. कराची परीक्षा: जोडीदार अवलंबून आहे का

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

नवऱ्याचा किंवा बायकोचा आरोग्य विमा कंपनीने भरला तर त्यावर फेडरल कर नाही. जोडीदाराचा भरला तर कर आहे, जोडीदार कर्मचाऱ्यावर कराच्या अर्थाने अवलंबून असेल तेवढाच अपवाद. राज्याकडे नोंदणी केलेली असली तरी यात फरक पडत नाही. नोंदणीकृत डोमेस्टिक पार्टनरशिप किंवा सिव्हिल युनियन म्हणजे विवाह नव्हे, असं फेडरल करनियम सरळ सांगतात.

अवलंबून ठरण्यासाठी या अटी एकदमच पुऱ्या व्हाव्या लागतात. जोडीदार संपूर्ण करवर्षभर कर्मचाऱ्याच्याच घरी राहिला पाहिजे. त्याच्या खर्चाचा अर्ध्याहून जास्त भाग कर्मचाऱ्याने उचलला पाहिजे. तो दुसऱ्या कुणाचं ‘क्वालिफाइंग चाइल्ड’ (करनियमांच्या व्याख्येत बसणारं अवलंबून मूल) नसावा. तो अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी, किंवा कॅनडा-मेक्सिकोचा रहिवासी असावा. आणि ते नातं स्थानिक कायद्याविरुद्ध नसावं.

दोन चुका वारंवार होतात. पहिली, ‘मार्चपासून एकत्र राहतो, म्हणजे वर्षाचा बराच भाग झाला’ हा समज. वर्ष म्हणजे पूर्ण वर्ष. मार्चमध्ये राहायला आलेला जोडीदार या वर्षी बसत नाही. दुसरी चूक उलट दिशेची. कर्मचारी आपल्या टॅक्स रिटर्नवर जोडीदाराला डिपेंडंट दाखवू शकत नाही, कारण जोडीदाराचं स्वतःचं उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त आहे. त्यावरून तो इथेही ‘नाही’ लिहितो. आरोग्य विम्याच्या करसवलतीसाठी उत्पन्नाची ती मर्यादा लागत नाही. वर्षभर एकत्र राहणं आणि अर्ध्याहून जास्त खर्च हेच महत्त्वाचं. थोडीफार मिळकत असलेला जोडीदारही बसू शकतो, आणि फॉर्मवर हे लिहिलेलं नसतं म्हणून लोक नसलेला कर भरत राहतात.

जोडीदाराच्या मुलांचंही हेच. मूल जोडीदाराचं असेल तर बहुतेक वेळा ते जोडीदाराचंच क्वालिफाइंग चाइल्ड ठरतं, त्यामुळे त्याच्या कव्हरेजवरही कर लागतो. कर्मचाऱ्याने ते कायदेशीर दत्तक घेतलं असेल तर ते त्याचंच मूल, आणि करसवलत पूर्ण मिळते.

तपासा: कोलोरॅडो, टेक्सससारख्या काही राज्यांत समारंभाशिवायही, कॉमन-लॉ पद्धतीने, लग्न कायदेशीर ठरतं. असं जोडपं फेडरल कराच्या दृष्टीने विवाहित असतं. त्यांच्याकडून डोमेस्टिक पार्टनरचा फॉर्म भरून घेतला तर नसलेला कर त्यांच्या माथी बसतो.

५. आकडेमोड

जोडीदार अवलंबून नसेल तर त्याच्या कव्हरेजची बाजारभावाने जी किंमत, त्यातून कर्मचाऱ्याने करोत्तर भरलेली रक्कम वजा करून उरलेला भाग कर्मचाऱ्याच्या पगारात ‘इम्प्युटेड इन्कम’ म्हणून धरायचा. हातात पैसा येत नाही, पण त्यावर कर लागतो.

उदाहरणासाठी आकडे मी गोल घेतलेत. फक्त कर्मचाऱ्याचा महिन्याचा एकूण हप्ता ६०० डॉलर, त्यातले १०० तो भरतो. कर्मचारी अधिक जोडीदार मिळून हप्ता १,२५०, त्यातले ४०० तो भरतो. जोडीदारामुळे वाढलेली किंमत ६५०, आणि कर्मचाऱ्याचा वाढलेला वाटा ३००.

आता दोन रस्ते आहेत, दोन्ही बरोबर. पहिला: स्वतःचे १०० करपूर्व कापा, जोडीदाराचे ३०० करोत्तर कापा, आणि ३५० इम्प्युट करा. दुसरा: प्लॅनच्या दस्तऐवजात तशी सोय असेल तर पूर्ण ४०० करपूर्व कापा आणि पूर्ण ६५० इम्प्युट करा. करपात्र पगारात दोन्हीकडे निव्वळ २५० ची भर पडते. कागदावर मांडून बघा: पहिल्यात उणे १०० अधिक ३५०, दुसऱ्यात उणे ४०० अधिक ६५०.

दोन रस्त्यांचे अर्धे-अर्धे तुकडे जोडले की चूक होते. ३०० करोत्तर कापले आणि वर ६५० इम्प्युट केले, तर कर्मचाऱ्याने महिन्याला ३०० डॉलरवर फुकटचा कर भरला, वर्षाला ३,६०० वर. ४०० करपूर्व कापले आणि ३५० च इम्प्युट केले, तर तेवढ्याच रकमेवरचा कर बुडाला, आणि जबाबदारी कंपनीवर आली. पेरोलचं सॉफ्टवेअर हे पकडत नाही. कपातीचा कोड आणि उत्पन्नाचा कोड त्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या ओळी असतात.

कर्मचाऱ्याला याचा फटका किती? तो २२ टक्क्यांच्या फेडरल टप्प्यात असेल, आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के धरले, तर ३५० वर २९.६५ टक्के म्हणजे महिन्याला सुमारे १०४ डॉलर. बहुतेक हिशेब इथेच थांबतात. पण शेजारच्या टेबलावरचा विवाहित सहकारी तेच ३०० करपूर्व भरतो आणि त्याला काहीच इम्प्युट होत नाही. त्याच्याशी तुलना केली तर फरक ६५० वरच्या कराचा, महिन्याला जवळपास १९३, वर्षाला २,३०० च्या पुढे. जेवणाच्या टेबलावर स्लिपा शेजारी शेजारी आल्या की कर्मचारी हाच आकडा काढतो. आणि राज्याचा कर यात अजून धरलेलाच नाही.

कंपनीलाही सूट नाही. इम्प्युटेड रकमेवर ७.६५ टक्क्यांचा आपला वाटा तिलाही भरावा लागतो. बजेट करताना तो धरा.

काही कंपन्या हा कर कर्मचाऱ्याच्या वतीने उचलतात, त्याला ग्रॉस-अप म्हणतात. चांगली गोष्ट आहे, पण ग्रॉस-अपची रक्कमही करपात्र असते. वरचे १०४ भरून काढायला १०४ देऊन चालत नाही, सुमारे १४८ द्यावे लागतात.

किंमत कशी काढायची याची एकच सक्तीची पद्धत आयआरएसने घालून दिलेली नाही. वर वापरली तशी दोन दरांमधली वजाबाकी चालते. किंवा एकट्या कर्मचाऱ्याच्या कव्हरेजचा कोब्रा दर, त्यातला २ टक्के प्रशासकीय खर्च काढून, जोडीदाराची किंमत म्हणून धरता येतो. वजाबाकीच्या पद्धतीत एक खड्डा आहे. कर्मचाऱ्याला स्वतःची दोन मुलं असतील आणि तो आधीच ‘फॅमिली’ दरात असेल, तर जोडीदार घातल्याने हप्ता एक पैशानेही वाढत नाही. वजाबाकी शून्य येते, पण कव्हरेजची किंमत शून्य नसते. म्हणून मी दुसरी पद्धत सुचवते. कोणतीही घ्या, पण सगळ्यांना तीच लावा आणि लिहून ठेवा.

६. पेरोलची रंगीत तालीम

इम्प्युटेड रक्कम डब्ल्यू-२ च्या, म्हणजे कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगार-कराच्या पत्रकाच्या, चौकट १, ३ आणि ५ मध्ये जाते. कव्हरेजचा एकूण खर्च चौकट १२ मध्ये डीडी कोडखाली दाखवतात, त्यात जोडीदाराचाही खर्च येतो. राज्याची चौकट वेगळी तपासा. कॅलिफोर्नियात नोंदणीकृत जोडीदाराच्या कव्हरेजवर राज्याचा कर नाही, त्यामुळे फेडरल आणि राज्याच्या पगाराचे आकडे वेगळे यायलाच हवेत. ते एकसारखे आले तर कोड चुकलाय.

रक्कम प्रत्येक पगारात थोडी थोडी धरा. वर्षभराची एकदम डिसेंबरात धरायलाही मनाई नाही, आणि आळसापायी बरेच जण तेच करतात. एका कंपनीत असाच प्रकार मी निस्तरला. बारा महिन्यांची इम्प्युटेड रक्कम वर्षाच्या शेवटच्या पगारावर टाकलेली, नाताळच्या आठवड्यात माणसाच्या हातात नेहमीच्या निम्मासुद्धा पगार नाही, आणि एचआरचं उत्तर, ‘नियमाप्रमाणेच आहे.’ नियमाप्रमाणे होतं हे खरं. मार्चमध्ये त्याने राजीनामा दिला.

तपासा: डिसेंबरात एका काल्पनिक कर्मचाऱ्याची पूर्ण स्लिप काढा आणि हाताने केलेल्या हिशेबाशी ओळ न् ओळ जुळवा. एकदा अवलंबून जोडीदार, एकदा नसलेला, एकदा फॅमिली दरातला. तिन्ही जुळल्याशिवाय जानेवारीचा पगार सोडू नका.

७. बाकीचे लाभ, एकेक करून

एफएसए (वैद्यकीय खर्चासाठी करपूर्व पैसे बाजूला ठेवायचं खातं): अवलंबून नसलेल्या जोडीदाराचा वैद्यकीय खर्च यातून भरता येत नाही. औषधाच्या दुकानात कार्ड चालून जातं, म्हणून लोकांना वाटतं चालतं.

एचएसए (उच्च-डिडक्टिबल प्लॅनसोबतचं, वैद्यकीय खर्चासाठीचं करमुक्त बचत खातं): इथेही जोडीदाराच्या खर्चासाठी पैसे काढले तर त्यावर कर, शिवाय ६५ वर्षांखालच्यांना २० टक्के जादा. पण याला एक गोड बाजू आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. जोडीदार उच्च-डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी मोठी रक्कम स्वतः भरावी लागते अशा) फॅमिली प्लॅनमध्ये असेल, त्याला दुसरं अडथळा आणणारं कव्हरेज नसेल आणि तो कुणाचा डिपेंडंट नसेल, तर तो स्वतःचं वेगळं एचएसए उघडून त्यात फॅमिलीची पूर्ण मर्यादा भरू शकतो. २०२६ साठी ती ८,७५० डॉलर आहे. नवरा-बायकोला ही मर्यादा दोघांत वाटून घ्यावी लागते, जोडीदारांना नाही. सगळीकडे मार खाणाऱ्या या नात्याला कायद्याने एवढी एक खिडकी उघडी ठेवलीय.

रजा: फेडरल एफएमएलएच्या १२ आठवड्यांत ‘स्पाउस’ आहे, डोमेस्टिक पार्टनर नाही. कंपनी स्वतःच्या धोरणाने रजा देऊ शकते, पण ती एफएमएलएच्या खात्यात वळती करता येत नाही. जोडीदाराच्या शस्त्रक्रियेसाठी १२ आठवडे घेतलेल्या कर्मचाऱ्याकडे वडिलांच्या आजारपणासाठी एफएमएलएचे १२ शिल्लकच असतात. वेळापत्रक बसवताना हे धरा. कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्यात नोंदणीकृत जोडीदार आहेच, आणि २०२३ पासून कर्मचाऱ्याने नेमलेली एक व्यक्तीही आहे. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरची रजा मात्र बहुतांशी कंपनीच्या स्वतःच्या नियमातली. इथे खरोखर दोन शब्द वाढवले की काम होतं.

४०१(के): विवाहित कर्मचारी गेला तर बहुतेक प्लॅनमध्ये पैसे आपोआप नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जातात. डोमेस्टिक पार्टनरला वारसनोंदीचा फॉर्म भरलेला असेल तरच काही मिळतं. नसेल तर प्लॅनमधल्या क्रमाने मुलं, आईवडील किंवा इस्टेट. म्हणून प्रतिज्ञापत्राच्या सोबतच वारसनोंदीचा फॉर्म हातात द्या, ‘पोर्टलवर आहे’ म्हणून सोडू नका.

कोब्रा: कर्मचाऱ्याची नोकरी गेली आणि त्याने कोब्रा घेतलं तर आधीपासून प्लॅनमध्ये असलेल्या जोडीदाराला तो सोबत ठेवू शकतो. पण जोडीदाराला स्वतःचा वेगळा हक्क नाही. नातं तुटलं किंवा कर्मचारी वारला तर कव्हरेज तिथेच संपतं. कोब्रासारखी मुदत कंपनीला आपणहून देता येते, विमा कंपनीने लेखी मान्य केलं तरच.

मेडिकेअर: ही चूक सगळ्यात महाग. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत नोकरीवर असलेल्याची ६५ वर्षांची बायको किंवा नवरा ग्रुप प्लॅनवर राहून पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा, हप्ता भरून घ्यायचा भाग) पुढे ढकलू शकतात, कारण ग्रुप प्लॅन आधी पैसे देतो. वयामुळे मेडिकेअर मिळणाऱ्या डोमेस्टिक पार्टनरसाठी मेडिकेअर आधी, ग्रुप प्लॅन नंतर. पार्ट बी न घेता तो ग्रुप प्लॅनच्या भरवशावर राहिला तर प्लॅन फक्त दुय्यम वाटा देऊ शकतो. पुढे पार्ट बी घेताना दर बारा महिन्यांच्या उशिराला हप्त्यात १० टक्के कायमची वाढ होते, आणि विवाहितांना मिळणारी खास नोंदणीची मुदत त्याला मिळत नाही.

इशारा: जोडीदाराचं वय ६४ झालं की कर्मचाऱ्याला लेखी कळवा. दरवर्षी यादी काढून बघा.

८. सांगायचं कसं

घोषणेच्या पत्रात पहिल्याच पानावर कराचा आकडा द्या. ‘काही प्रमाणात करपात्र असू शकतं’ असं गुळमुळीत लिहिलं तर कुणी वाचत नाही. वरच्यासारखं एक उदाहरण तुमच्याच प्लॅनच्या खऱ्या दरांवर मांडा आणि स्लिपवर कोणती ओळ कुठे दिसेल ते दाखवा. काही जण आकडा बघून जोडीदाराला त्याच्याच कंपनीच्या प्लॅनवर ठेवतील. ठेवू द्या. जानेवारीत चिडून बाहेर पडण्यापेक्षा नोव्हेंबरात समजून नको म्हटलेलं बरं.

प्लॅनचा मूळ दस्तऐवज, करपूर्व कपातीचा सेक्शन १२५ चा दस्तऐवज आणि कर्मचाऱ्यांना द्यायचा सारांश, तिन्ही दुरुस्त झाले का ते पत्र पाठवण्याआधी पाहा. बदलाचा सारांश द्यायला कायदा प्लॅनचं वर्ष संपल्यापासून २१० दिवस देतो. त्याचा आधार घेऊन वेळ काढू नका, कर्मचारी नावनोंदणी आत्ता करणार आहेत.

वर्षाच्या मध्यातल्या बदलांबद्दल एक ओळ लिहाच. लग्न ही करपूर्व कपात बदलायला मान्य घटना आहे, एकत्र राहायला लागणं ही आपोआप तशी नाही. जोडीदाराचं दुसरीकडचं कव्हरेज गेलं तर मात्र त्याला प्लॅनमध्ये यायची ३० दिवसांची मुदत मिळते.

धंद्याला फायदा झाला का, हे मालक वर्षभराने विचारणारच. त्यासाठी कोण कुणाबरोबर राहतो याची पाहणी करू नका. किती जणांनी नोंदणी केली, कंपनीचा खर्च किती वाढला, नोकरीचा प्रस्ताव नाकारणाऱ्यांनी कारण काय दिलं आणि सोडून जाणाऱ्यांच्या मुलाखतीत लाभांचा उल्लेख आला का, एवढं टिपून ठेवा. बारा-पंधरा जणांच्या नोंदणीवरून ‘गळती अमुक टक्क्यांनी घटली’ असं बोर्डाला सांगू नका. त्या वर्षी गळती शंभर कारणांनी हलली असेल.

९. नातं संपलं किंवा लग्न झालं

नातं संपल्याचं कर्मचाऱ्याने कळवलं की कव्हरेज पुढच्या तारखेपासून बंद करा. घोळ होतो तो जानेवारीत संपलेलं नातं जूनमध्ये कळतं तेव्हा. मागच्या तारखेपासून कव्हरेज रद्द करणं अफोर्डेबल केअर ॲक्ट या आरोग्य विम्याच्या फेडरल कायद्याखाली फसवणूक किंवा जाणूनबुजून दिलेली चुकीची माहिती असेल तरच चालतं, आणि तेव्हाही ३० दिवसांची आगाऊ नोटीस लागते. तिसऱ्या टप्प्यातलं ते कलम इथे उपयोगी पडतं. ते नसेल तर जानेवारी ते जूनचे क्लेम सहसा प्लॅनच्याच गळ्यात पडतात.

आणि लग्न. जोडीदारांनी लग्न केलं की त्या तारखेपासून इम्प्युटेड इन्कम थांबवायचं आणि कपात करपूर्व करायची. एचआरला लग्नाचे पेढे मिळतात, पेरोलला कुणी कळवत नाही, आणि तो कोड पुढचे आठ महिने चालूच राहतो. त्याच वर्षात लक्षात आलं तर पुढच्या पगारात दुरुस्ती होते. जानेवारी उलटला की दुरुस्त डब्ल्यू-२सी काढा, कर्मचाऱ्याचं रिटर्न दुरुस्त करायला लावा आणि सोशल सिक्युरिटीचा जादा कापलेला वाटा परत मागा. लग्नाचा दाखला स्वीकारणाऱ्या फॉर्मच्या तळाशी पेरोलच्या सहीची आणि इम्प्युटेड कोड बंद केल्याच्या तारखेची रिकामी ओळ ठेवा. ती भरल्याशिवाय फॉर्म फाइलीत जाऊ देऊ नका.